आईची माणकं

पारखी बाईंनी हार उचलून आधी गालाला लावला.

"गार लागत नाही."

आईने खुर्ची पुढे ओढली. शेजारी लेक. लेकीच्या पलीकडे, पर्स छातीशी धरून, लेकीची सासू. आईने लेकीला घालायला दिलेला हार महिनाभर सासूच्या कपाटात होता. आईचं म्हणणं एकच: गेला माणकांचा, आला काचेचा.

"बघा! मी म्हणत नव्हते?"

"आई, हळू."

"हळू का? चोरी त्यांनी करायची आणि तोंड मी शिवायचं?"

लेक दोघींच्या मधे, अडकित्त्यातल्या सुपारीसारखी. संध्याकाळी तिला त्याच घरी परत जायचं होतं.

भिंग.

"आत हवेचे बुडबुडे आहेत. काचच. सगळे खडे."

"ऐकलंत, विहीणबाई?"

"थांबा, माझं व्हायचंय," पारखी बाई म्हणाल्या.

सुई. खड्याला धरून ठेवणाऱ्या धातूच्या नखांभोवती ती हळूच फिरली.

"खडा बदलायचा तर ही नखं उघडावी लागतात. ओरखडा राहतोच. इथे एकही नाही. मळसुद्धा जुना, घट्ट बसलेला. हे खडे पहिल्यापासून इथेच आहेत."

"पहिल्यापासून म्हणजे?"

"हार घडला तेव्हापासून."

आई हसली. एकटीच.

"काहीतरीच! माझ्या आईचा हार आहे हा. सासरी तिला भिकाऱ्याची पोर म्हणायचे. हा गळ्यात पडला आणि सगळ्यांची तोंडं बंद झाली."

"रोज घालायच्या?"

"रोज. भांडी घासताना. भांडताना तर नक्कीच. कुणी म्हणालं, अगं माणकं आहेत, जपून ठेव, तर म्हणायची, झिजली तर माझी झिजतील, तुमचं काय जातंय?"

पारखी बाईंनी भिंग तिच्याच हातात दिलं.

"पैलूंच्या कडा बघा."

कडा नव्हत्याच. सगळ्या गुळगुळीत, चघळलेल्या गोळीसारख्या.

"माणिक असं झिजत नाही. काच झिजते."

आईने भिंग डोळ्यावरून काढलं नाही. म्हणजे आपल्या आईला माहीत होतं. रोज. त्या सगळ्यांच्या समोर, मान वर करून.

"झालं समाधान?" सासूने पहिल्यांदाच तोंड उघडलं.

लेकीने डोळे मिटून घेतले.

आई उठली. हार गळ्याभोवती धरला, केस पुढे घेतले आणि विहीणबाईंकडे पाठ करून उभी राहिली.

"काच आहे, विहीणबाई. माझ्या आईची. तुमच्यावर आळ घेतला, चुकलं माझं." मान मात्र ताठच. "आता एवढी कडी लावा. जवळून बघूनही होईल."

"हे घालून बाहेर जाणार तुम्ही? कळल्यावरसुद्धा?"

"मग? अजून बरीच झिजायची राहिलीय."

सासूने पर्स सुनेच्या हातात दिली. कडी फार बारीक होती. तिला चष्मा लावावा लागला.