गुलफदानची पाणपोई

मित्रांनो, आधी जरा लांबूनच बोला. मी कैरोच्या एका गल्लीतली जुनी पाणपोई आहे, तुर्की सुलतानांच्या काळातली, आणि माणसांवर माझा फारसा विश्वास उरलेला नाही.

गुलफदान नावाच्या विधवेने नवऱ्याच्या पुण्यासाठी मला बांधलं. इस्तंबूलच्या थाटाचा गोल दर्शनी भाग, त्यात पितळी जाळी, वरच्या मजल्यावर अनाथ मुलांची शाळा. उंटांच्या पाठीवरून नाईलचं पाणी माझ्या तळघरात यायचं. जाळीतून पेला पुढे केला की पिणारा गुलफदानच्या नवऱ्यासाठी दुआ मागायचा. काय दिवस होते! मग घरोघरी नळ आले आणि माझ्याकडे कोणी ढुंकून बघेना. दार एकाने पळवलं, संगमरवरी पायरी दुसऱ्याने. तेव्हापासून जो टक लावून बघतो, तो मला चोरच वाटतो.

गल्लीतले शौकत मास्तर तर उघड म्हणायचे, "तुर्कांनी बांधलं, तुर्कांनी बघावं. आपल्याला काय त्याचं?"

"मास्तर, दगड आपल्या मुकत्तमच्या डोंगराचा, पाणी आपल्या नाईलचं," समोरची इन्शिराह फटकारायची. "तहानही आपलीच. तुर्काचं राहिलं काय त्यात?"

या इन्शिराहचा तरणा मुलगा वाएल वारला. तेव्हापासून ती रोज माझ्या जाळीपुढे दोन माठ भरून ठेवते. येणाऱ्या-जाणाऱ्याने पाणी प्यावं आणि वाएलसाठी दुआ मागावी, एवढंच तिचं म्हणणं. खरं सांगू? मला तिचाही संशय यायचा. रोज लिंबू चोळून माझं पितळ घासते, ते कशाला?

एका सकाळी पिवळी हेल्मेटं घातलेले दोघे टेम्पो घेऊन आले. म्हणाले, "सरकारी माणसं आहोत. जाळी दुरुस्तीला न्यायचीय." मला ते चोरच वाटले. मास्तरांनी मात्र त्यांच्यासाठी चहा मागवला! एकेक बोल्ट सुटू लागला. माठ आडवे येत होते, म्हणून एकाने ते उचलून सरळ गटारात रिकामे केले.

"अरे मेल्यांनो!" इन्शिराह खिडकीतून किंचाळली. "माझ्या वाएलचं पाणी ओतलंत?"

"पाणीच तर आहे, मावशी. परत भरा की."

झालं! गेलेल्या माणसाच्या नावाचं पाणी आमच्याकडे कोणी गटारात ओतत नाही. माठ हलवायचाच असेल तर आधी पितात, उरलेलं झाडाला घालतात. दारंखिडक्या धडाधड उघडल्या, माणसं खाली धावली.

मास्तरांनी चहाचा पेला खाली ठेवला. "कुठले रे तुम्ही? ओळखपत्र काढा बघू."

दोघांनी जी धूम ठोकली, ती टेम्पो तिथेच टाकून. जाळी एका बोल्टवर लटकत राहिली.

गल्ली माझ्या पितळेसाठी धावली नाही, वाएलच्या पाण्यासाठी धावली. आधी मला याचा रागच आला होता. आता खरे सरकारी लोक येऊन जाळी घट्ट बसवून गेलेत. 'प्राचीन वारसा' अशी पाटी लावून मला कुलूपबंद ठेवायचं म्हणतात. मला तर त्या कुलपाचाही संशय येतो. ज्या वास्तूशी कोणाचं काही कामच उरलेलं नाही, ती चोरीला गेली तरी कोणाला कळणार?

म्हणून हात जोडून सांगते, मित्रांनो, मला जपायचं असेल तर माझ्यापाशी थांबा, घोटभर पाणी प्या, आणि त्या पोरासाठी दुआ मागा.