वजनाच्या दिवसाच्या झोळ्या

त्या शनिवारी पेंडल हिलच्या त्या घराला लग्नघराची कळा आली होती. गॅरेजमधल्या गाड्या रस्त्यावर काढल्या होत्या आणि मधोमध एक भलंमोठं लाकडी खोकं तोंड वासून बसलं होतं. ते पॅसिफिकमधल्या लोमारे बेटावर जायचं होतं. तिथे सगळ्या कामांना मिळून एकच खोली होती, सकाळी शाळा आणि दुपारी दवाखाना. खोक्यात गोष्टींची पुस्तकं होती, जंताच्या गोळ्या होत्या, सौरदिवे होते आणि तान्ह्या बाळांना टांगून त्यांचं वजन करायचा स्प्रिंगचा काटा होता.

या सगळ्या कारभाराची मालकीण पद्मा. ब्लॅकटाउनला मुलांची डॉक्टर म्हणून तिने आयुष्य काढलं आणि निवृत्त झाल्यावर हे बेट मागे लावून घेतलं. आत्ता ती शिलाई मशीनवर आपल्या जुन्या सुती साड्यांच्या झोळ्या शिवत होती. घरात अन्न कमी पडलं की आधी तान्ही मुलं वाळतात, आणि ते डोळ्यांना दिसायच्या आत काट्याला कळतं, असं ती सांगायची. पण बेटावरच्या बाया वजनाला बाळं आणतच नसत. काट्याबरोबर मिळालेल्या प्लास्टिकच्या झोळीत घातलं की बाळ असा टाहो फोडी, की आईच त्याला घेऊन पळे.

तिची मुलगी ऋता नायलॉनच्या नव्याकोऱ्या झोळ्या घेऊन आली होती.

"आई, आपल्या जुन्या साड्या गरिबांच्या गळ्यात मारायच्या? ह्याला मदत नाही म्हणत, अडगळ काढणं म्हणतात."

"अगं, कपाटातल्या सगळ्यात मऊ साड्या आहेत या. तुझं बारसं होईपर्यंत माझ्या आईने तुला नवं कापड लावू दिलं नव्हतं. नवं टोचतं बाळाला."

"ते तुमच्याकडे. तिथल्या आया म्हणतील, डॉक्टरीणबाईंनी चिंध्या पाठवल्या."

"तिथल्या आया माझा पदर बोटांत धरून बघत बसायच्या. तू आली आहेस का कधी?"

ऋताचे वडील शिरीष खिळे निवडत होते. "पद्मा, कशाला डोकं फोडून घेतेस? ज्या दिवशी ही म्हणेल 'आई, तुझं बरोबर', त्या दिवशी सूर्य पश्चिमेला, पर्थकडून उगवेल."

"आजोबा, मॉम इज जस्ट लाइक आजी," ऋताची मुलगी नुपूर म्हणाली आणि सगळे हसले. ऋता हसली नाही. आपल्या झोळ्या तिने खोक्यात टाकल्या आणि किल्ल्या उचलल्या.

"उद्या ये गं, झाकण ठोकायचंय," पद्मा मशीनवरून मान न उचलता म्हणाली.

"बघते."

दुसऱ्या दिवशी सकाळी वडिलांचा फोन आला. पद्मा झोपेतच गेली होती.

तेरावं झालं आणि जहाज कंपनीचा निरोप आला, खोकं तयार ठेवा. झाकण ठोकायला ऋता एकटीच गॅरेजमध्ये उतरली. झोळ्यांच्या चळतीत हिरव्या काठाची पिवळी साडी होती. तिला वेखंडाचा वास येत होता, आईच्या कपाटाचा. ऋताने ती काढली आणि छातीशी धरून गाडीकडे निघाली.

शिरीष दारात उभे होते. "ठेव तुला. ती काही म्हणायची नाही."

ऋताने गाडीत बसून घडी उलगडली. पण ती आता साडी उरलीच नव्हती. चारी टोकांना पट्टे शिवलेले होते, मधोमध दुहेरी टीप होती. ती परत आली, झोळी चळतीच्या तळाशी सरकवली आणि झाकण ठोकलं.

खोकं पोचल्यानंतरच्या पहिल्या वजनाच्या दिवशी सगळी मंडळी पुन्हा गॅरेजमध्ये जमली. भिंतीवरच्या पडद्यावर व्हिडिओ कॉलवरून लोमारेची ती खोली दिसत होती. बाहेर ओसरीच्या तुळईला काटा टांगला होता. शाळेच्या मुली वजनाचे तक्ते घेऊन रांगेने बसल्या होत्या, कारण वजनाचा दिवस हाच त्यांचा गणिताचा तास. आणि बाया! अंगणभर बाया, कडेवर बाळं.

"आधी डॉक्टरांच्या मुलीने पाठवलेली नवी झोळी!" दवाखान्याची नर्स, सिस्टर आना, इंग्रजीत म्हणाली. टाळ्या पडल्या. बाळाला नायलॉनमध्ये घातलं, त्याने अंग ताठ केलं आणि किंचाळायला सुरुवात केली. ते ऐकून दुसरं रडलं, मग तिसरं. कडेच्या बाया हळूच वळायला लागल्या. एक तर फाटकाबाहेर गेलीसुद्धा.

"आजोबा, दे आर लीव्हिंग!" नुपूर ओरडली.

ऋता खुर्चीवरून उठली. "सिस्टर, थांबा! ती नको! खोक्यातलं खाली बघा, तळाशी. पिवळी काढा, पिवळी!"

पडद्यावर पळापळ झाली. पुस्तकं उपसली, गोळ्यांचे डबे बाजूला झाले आणि सिस्टर आनाने ती झोळी वर धरली. तिने बाळाच्या आईच्या हातात कापड दिलं. आईने ते गालाला लावून पाहिलं, मग बाळाला त्यात ठेवून काट्याला अडकवलं. हिरव्या काठातून दोन पावलं बाहेर आली. ती एकदा झाडली गेली आणि थांबली. झोळी हलके डोलली. बाळाने जांभई दिली.

"झोपतोय!" शिरीष कुजबुजले. "अगं, झोपतोय तो!"

एका मुलीने टाचा उंचावून काटा वाचला आणि आकडा ओरडून सांगितला. दुसरीने तक्त्यावर ठिपका दिला. ठिपका पुरेशा वजनाच्या रेषेच्या खाली पडला. सिस्टर आना लगेच त्या आईला आत घेऊन गेली, औषधाला आणि पोषणाच्या पिठाला. फाटकातून गेलेली बाई परतली होती. तिच्या मागून आणखी दोघी आल्या. मुली आता आकडे गाण्यासारखे म्हणत होत्या. आंबा रंगाची झोळी निघाली, मग निळी, मग जांभळी. गॅरेजमध्ये नुपूर प्रत्येक आकड्याला उडी मारत होती आणि शिरीष डोळे पुसत टाळ्या वाजवत होते.

कोपऱ्यात शिलाई मशीन होतं तसंच होतं. ऋता त्याच्यापाशी गेली. मागे सगळा गलका चालू होता, म्हणून तिला आवाज चढवावा लागला.

"आई," ती म्हणाली, "तुझं बरोबर होतं."