रविवारी चंचल बेंचवर

शुक्रवारी दुपारी डिंडोलीच्या नाक्यावर हिलालआप्पांच्या चहाच्या लारीपाशी, त्या हातगाडीभोवती, रविवारच्या मॅचवरून जोरात भांडण चाललं होतं. उधन्याचं कॉलेज विरुद्ध अडाजणचं कॉलेज, मुलींचं बास्केटबॉल. या दोन कॉलेजांचं वैर सगळ्या लीगला माहीत. मागच्या वर्षी अडाजणने शेवटच्या क्षणी बास्केट टाकून एका गुणाने मॅच काढली होती. तो दिवस आठवला की हिलालआप्पांच्या हातून चहात साखर जास्त पडायची.

तसं पाहिलं तर या मंडळींचा आणि कॉलेजचा काही संबंध नव्हता. पण सोसायटीतली चंचल उधन्याच्या कॉलेजात गेली, टीमची कॅप्टन झाली, आणि तिच्या मागे अख्खी गल्ली बास्केटबॉल बघायला लागली. त्यात सगळ्यात मोठा आवाज धुरपदाबाईंचा. साड्यांच्या घड्या घालणारी ही साठीची बाई पहिल्या मॅचला विचारत होती, की पोरी बॉल सारखा खाली का आपटतात. आता ती रेफ्रीला नावानिशी शिव्या द्यायची.

"अडाजणनी ती उच्ची पोर शे ना, तिले कोण रोकी?" धुरपदाबाईंनी विचारलं.

"तिला रोखायचंच नाही," टेम्पोवाला धर्मेंद्र म्हणाला. "तिला पळवायचं. आपली चंचल दोनदा इकडून तिकडे गेली की ती जिराफ पाणी मागेल."

"बराबर!" धुरपदाबाई म्हणाल्या. "चंचलले बॉल द्या नि बाकीन्या चारी जणी बाजूले उभ्या राहा."

सगळे हसले. लारीच्या कडेला बाकावर बसलेला योगेंद्र मात्र हसला नाही. तो चंचलचा थोरला भाऊ. उधन्याच्या एका एम्ब्रॉयडरी युनिटमध्ये मशीनवर होता, आणि आज त्याने अर्धी सुट्टी घेतली होती. त्याच्या हातातल्या चहावर साय धरली होती.

बुधवारी सकाळी प्रॅक्टिस करताना चंचल मैदानातच चक्कर येऊन पडली होती. तिला ताप आहे, असं सरांनी टीमला सांगितलं. घराजवळच्या डॉक्टरने छातीला नळी लावली, पुन्हा लावली, आणि हृदयाच्या ठोक्याबरोबर वेगळाच आवाज येतोय, मोठ्या डॉक्टरला दाखवा, असं सांगितलं. तेव्हापासून योगेंद्रच्या डोळ्यांपुढून वडील हलत नव्हते. उखाभाऊ म्हणजे लूम चालवणारा धडधाकट माणूस. एका दुपारी मशीन बंद करून भिंतीला टेकून बसले, ते उठलेच नाहीत. हृदयाचंच काहीतरी होतं, एवढंच नंतर कळलं. तेव्हा चंचल चौथीत होती.

मोठ्या डॉक्टरची वेळ आज संध्याकाळची होती. योगेंद्र, त्याची बायको सुषमा आणि खुद्द चंचल सोडून गल्लीत कुणालाच यातलं काही ठाऊक नव्हतं.

"योगेंद्रभाऊ, तू काबर बोलत नही?" हिलालआप्पांनी विचारलं. "चंचल काय म्हणस? किती पॉइंट टाकी?"

"बघू."

"बघू काय? कमीत कमी वीस तरी..."

"एका पोरीच्या अंगावर किती टाकाल रे तुम्ही?" योगेंद्र एकदम ओरडला. "टीममध्ये दुसरं कुणी नाही का?"

तो कधी असा बोलत नसे. त्याने ग्लास तसाच बाकावर ठेवला आणि घराकडे निघून गेला. धुरपदाबाई त्याच्या पाठीकडे बघत राहिल्या.

दवाखान्यात बाहेरच्या खुर्च्यांवर तिघं बसले होते. चंचल मध्ये, दोन्ही बाजूंना दादा आणि वहिनी. आणि चंचल सारखी मॅचबद्दलच बोलत होती.

"मी नसले तर बॉल प्राजक्ताने आणायचा, दादा. तिचा डावा हात मस्त आहे, कोणाला माहीतच नाही. अडाजणवाल्या तिला उजवीकडे अडवतील. एकदम फसतील."

"बरं."

"आणि त्या उंच मुलीला लवकर दोन फाउल लागले ना, तर त्यांचे सर तिला बाहेर बसवतात. मी बघून ठेवलंय."

"बरं, बाई."

"दादा, तू ऐकतोयस का?"

योगेंद्रला तिच्याकडे बघवेना. सुषमाने तिचा हात धरला तेव्हा तो गार लागला. मग तिला कळलं, की पोरगी मॅचबद्दल बोलत नाहीये, दुसरं काही बोलायला लागू नये म्हणून बोलतेय.

नाव पुकारलं. सुषमा तिच्याबरोबर आत गेली. योगेंद्र दाराबाहेर उभा राहिला. भिंतीवर हृदयाचं मोठं चित्र होतं, लाल-निळ्या नळ्यांचं. त्याने तिकडे पाठ केली. चतुर्थीचे मोदक, सप्तशृंगीची पायरी, जो सुचेल तो नवस तो मनात बोलत राहिला.

बऱ्याच वेळाने दार उघडलं आणि डॉक्टरबाईंनी त्यालाही आत बोलावलं. त्या गुजराती होत्या. त्यांनी त्याचा चेहरा पाहिला आणि बसायला सांगायच्या आधीच म्हणाल्या, "चिंता ना करो, भाई. हार्ट एकदम सरस छे."

योगेंद्रला वाटलं आपण नीट ऐकलं नाही.

"काय?"

मग त्यांनी हिंदीत समजावून सांगितलं. सोनोग्राफीत हृदय सगळीकडून नीट दिसत होतं, पडदे, झडपा, सगळं. आवाज येत होता तो वेगळ्या कारणाने. पोरीच्या अंगात रक्त फार कमी होतं, आणि पातळ रक्त सगळीकडे पोचवायला हृदय जोरात पळत होतं. वडिलांचं कळल्यावर त्यांनी मुद्दाम दोनदा तपासून पाहिलं होतं.

"सकाळी काय खाऊन जातेस प्रॅक्टिसला?" त्यांनी चंचलला विचारलं.

"चहा."

"आणि?"

चंचल आपली नखं बघायला लागली.

"डबा तरी खातेस का?" सुषमा म्हणाली. "मी रोज भरून देते तो?"

"मैत्रिणींना देते कधी कधी."

"देते!" सुषमाचा आवाज चढला आणि मध्येच फुटला. ती पदराने तोंड झाकून रडायला लागली. तीन दिवसांत पहिल्यांदा.

"खेळेल ना ही?" योगेंद्रने विचारलं.

"खेळेल की. खूप वर्षं खेळेल. पण गोळ्या घ्यायच्या, पोटभर जेवायचं, आणि मी परत तपासेपर्यंत मैदानात पळायचं नाही. हा रविवार विसरा."

चंचलचं तोंड पडलं. योगेंद्रने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि त्याला हसू फुटलं. आधी जरासं, मग आवरेनाच. डॉक्टरबाईही हसल्या. जिना उतरताना तो मधल्याच पायरीवर बसला. येणारे-जाणारे कडेने वाट काढत होते. "जरा दम खाऊ द्या," तो म्हणाला. चंचल त्याच्या शेजारी बसली.

"दादा, मला वाटलं बाबांसारखंच आहे."

"मलाही."

"तू सांगितलं का नाहीस?"

"तू तरी कुठे सांगितलंस?"

खाली आल्यावर त्यांनी समोरच्या दुकानात थंड कोको घेतला. सुषमाने आपला अर्धा चंचलच्या ग्लासात ओतला आणि तो संपेपर्यंत डोळे वटारून बघत राहिली.

दिवे लागायच्या वेळी तिघं नाक्यावर उतरले. लारीपाशी दुपारचीच मंडळी होती, पण मॅचची चर्चा नव्हती. धुरपदाबाई बाकावरून उठल्याच.

"काय व्हयनं? तू दुपारले असा उठी गया, मन्हा जीवले चैन नही."

योगेंद्रने सगळं सांगितलं. चक्कर, डॉक्टर, आवाज, आणि शेवटी हृदय चांगलं आहे ते. धुरपदाबाईंनी आधी चंचलला छातीशी घेतलं, तिच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली, आणि मग योगेंद्रच्या पाठीत एक धपाटा घातला.

"एवढं एकला पोटमा ठेवं? आम्ही कोण शेत तुना?"

"चुकलं, बाई."

"उद्यापासून हिना सकाळना नाश्ता मन्हा घर. बाजरीनी भाकर, मेथीनी भाजी, वर गूळ."

"आनि मन्हाकडना चहा बंद," हिलालआप्पा म्हणाले. "दूध मिळी."

धर्मेंद्र घसा खाकरून म्हणाला, "म्हणजे रविवारी..."

"रविवारी मी बेंचवर," चंचल म्हणाली.

चंचलने मान खाली घातली. मग हिलालआप्पांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "हारी जासूत मंग," ते म्हणाले, आणि त्यांच्या स्वरात दुःखाचा लवलेश नव्हता. "दहा पॉइंटनी तरी हारसूत."

"पंधरा," धर्मेंद्र म्हणाला.

"का म्हणून?" चंचलने मान वर केली. "प्राजक्ता आहे ना! तिचा डावा हात बघितलाय का तुम्ही?"

"कोण प्राजक्ता? ती चश्मावाली?"

"हो, तीच. त्यांनी झोन लावून आत गर्दी केली तर ती कोपऱ्यातून लांबूनच तीन पॉइंटचा बॉल टाकते."

"चश्मा पडना तर?" धुरपदाबाईंनी विचारलं.

"पट्टा आहे त्याला, बाई!"

"ती उच्ची पोर तिले दाबी टाकी."

"नाही दाबत," योगेंद्र मध्येच म्हणाला. "तिला लवकर दोन फाउल लागले की त्यांचे सर बाहेर बसवतात."

चंचल त्याच्याकडे बघतच राहिली. हिलालआप्पांनी एक बिस्किटाचा पुडा फोडून बाकावर ठेवला, वीतभर जागा करून तिला बसवलं आणि विचारलं, "हां, आते नीट सांग. सुरुवातले कोन्या पाच जणी?"

चंचल बोटांवर नावं मोजायला लागली. दुसऱ्याच नावावर धर्मेंद्रने हरकत घेतली.