नवव्या धड्यातला मोठा

आई गेल्यानंतर तीन महिन्यांनी प्रकाशकाचं पत्र आलं. तिच्या रशियन भाषेच्या प्राथमिक पुस्तकाची सातवी आवृत्ती काढायची होती. शुक्रवारपर्यंत दोन्ही मुलांच्या सह्या हव्या होत्या, नाहीतर विद्यापीठ नव्या सत्रापासून दुसरं पुस्तक लावणार होतं. धाकटीने पत्र हातात पडताच सही केली. मोठ्याने ते घडी घालून फ्रिजवर ठेवून दिलं.

कारण पुस्तकातच होतं. आईने ते लिहिलं तेव्हा मोठा चौदा वर्षांचा होता आणि धाकटी नऊ. नोकरी, घर आणि दोन मुलं सांभाळून उदाहरणं शोधत बसायला तिला सवड नव्हती. तिने ती घरातूनच उचलली. धाकटी दूध कुंडीत ओतते. मांजर शेजाऱ्यांकडे जेवतं. आणि नवव्या धड्यात, मोठा नापास झाला.

त्या एका ओळीने त्याचा आयुष्यभर पिच्छा पुरवला होता. तो आता सरकारी लिफ्ट-तपासनीस होता, दाढी पिकली होती. मागच्याच वर्षी एका इस्पितळाची लिफ्ट तपासताना तिथल्या, आईकडे रशियन शिकलेल्या डॉक्टरीणबाईंनी त्याचं आडनाव ऐकलं आणि चार माणसांत विचारलं, “बाईंचे चिरंजीव ना? म्हणजे नापास झालेले ते तुम्हीच.” ती ओळ काढा, मग सही करतो, असं त्याने धाकटीला सांगितलं होतं. आईचं पुस्तक आहे, एक अक्षर काढणार नाही, असं धाकटी म्हणाली होती. घोडं तिथेच अडलं होतं.

गुरुवारी दोघं विद्यापीठात गेली ती वेगळ्या कामासाठी. तिसऱ्या मजल्यावर आईचं लोखंडी कपाट रिकामं करायचं होतं. आता तिच्या जागी तिचीच एक जुनी विद्यार्थिनी होती. तिला सगळे मॅडम म्हणत. तिने खोकी आणि सुतळी तयार ठेवली होती. मोठ्याने आधी कपाटाचं हललेलं बिजागर घट्ट केलं आणि मग पुस्तकं काढायला घेतली. धाकटी म्हणाली, “दादा, कपाट इथेच राहणार आहे.” तो म्हणाला, म्हणूनच.

दुसऱ्या कप्प्यात आईची शिकवण्याची प्रत निघाली. पुठ्ठा सुटलेला, पाठीला कापडी चिकटपट्टी. मॅडमनी ती त्याच्या हातातून घेतली, नववा धडा उघडला आणि परत दिली.

त्या ओळीभोवती चारही समासांत पेन्सिलीने बारीक रशियन लिहिलं होतं. प्रत्येक ओळीपुढे वर्ष होतं. मोठ्याला त्यातलं अक्षरही वाचता येत नव्हतं. मॅडम सांगू लागल्या. हा धडा आला की बाई वर्गाला विचारायच्या, पुढे काय झालं असेल? कोणी म्हणे मार बसला, कोणी म्हणे घर सोडून पळाला. सगळ्यांचं सांगून झालं की बाई त्या वर्षीची खरी हकिगत सांगायच्या आणि वर्ग ती लिहून घ्यायचा.

“वाचून दाखवा,” मोठा म्हणाला.

मॅडमनी बोट ठेवून वाचलं. मोठा पुन्हा परीक्षेला बसला. मोठा पास झाला, पण गणितात नाही. मोठ्याने रेडिओ उघडला; आता रेडिओ बोलत नाही, मोठाही बोलत नाही. मोठ्याला नोकरी लागली. मोठ्याला मुलगी झाली, ती त्याच्यासारखीच रडते. शेवटची ओळ आईच्या निवृत्तीच्या वर्षाची होती. मोठा म्हणतो, जिना चढू नकोस. मी चढते.

धाकटी हसली. मोठा हसला नाही. तिने हे आपल्याला कधी सांगितलं का नाही, असं त्याने विचारलं. मॅडम एवढंच म्हणाल्या, की आमच्या बॅचमधले दोघं नापास झाल्यावर ती हकिगत आठवून पुन्हा परीक्षेला बसले होते, आणि त्यातली एक मी.

मोठ्याने खुर्ची ओढली आणि पुस्तक पहिल्या पानापासून चाळलं. खाली छापलेला अनुवाद तेवढा त्याला वाचता येत होता. अर्ध्या तासाने त्याने मान वर केली.

“यात मांजरसुद्धा आहे. आई कुठेय?”

मॅडमनी आठवून पाहिलं. खरंच नव्हती. मोठा म्हणाला, माझी ओळ राहू द्या, पण तिचीही एक टाका. मॅडम तयार झाल्या. अट एकच, विद्यार्थ्यांना तोवर येणारे शब्दच वापरायचे. नवव्या धड्यापर्यंत तीनशे शब्द होतात.

धाकटीने सुरुवात केली, “आईने आपलं आयुष्य...”

“आयुष्य सोळाव्या धड्यात येतं.”

“मग त्याग?”

“तो पुस्तकातच नाही,” मॅडम म्हणाल्या. “बाईंनी घेतला नाही.”

मोठा खिडकीशी जाऊन उभा राहिला. मग त्याने विचारलं, “दार येतं?”

“दुसऱ्या धड्यात.”

“उघडं?”

“चौथ्या.”

“मग लिहा. आई काम करते. दार उघडं आहे.”

धाकटीने डोळे पुसले. लहानपणी घरी आतल्या खोलीत आईचं टेबल होतं आणि बाहेर या दोघांची मारामारी. दार लावलं असतं तर आईला तासभर शांतता मिळाली असती. कोणी आत डोकावलं की ती वाचत असलेल्या ओळीवर बोट ठेवायची आणि वर बघायची.

मोठ्याने धाकटीकडून सहीचा कागद मागितला. फ्रिजवरून उचलून ती तो रोज पर्समध्ये घेऊनच फिरत होती. त्याने सवयीप्रमाणे तो दोनदा वाचला, तारीख तपासली आणि सही केली.

मॅडमनी तिथूनच प्रकाशकाला फोन लावला. सही झाली आहे, त्या म्हणाल्या, पण नवव्या धड्यात एक ओळ वाढतेय, पान पुढे सरकेल का तेवढं बघा.