रविवारचा आवाज

विमान काकांनी विकायला काढलं होतं. उडवायची त्यांची बायको. ती गेल्यापासून चार खुर्च्यांचं ते विमान हँगरमध्येच होतं. घेऊ पाहणाऱ्या डॉक्टरांनी इंजिन तपासायला मला पाठवलं.

"फार कमी तास चाललंय," काका म्हणाले. "आणि नुसतं उभं ठेवलेलं नाही हं. मला उडवता येत नाही, पण दर रविवारी येऊन दहा मिनिटं चालू करतो. ती म्हणायची, इंजिन बसून राहिलं की गंजतं. माझ्या गुडघ्यांसारखं."

मी हसले आणि कामाला लागले. चारही सिलिंडरांत दाब चांगला भरला. मग तेलाचा फिल्टर कापून आतला कागद उलगडला. घडीघडीत काळपट चकाकी होती. चुंबक फिरवलं, तर बारीक कीस त्यावर केसांसारखा उभा राहिला.

काका माझ्या खांद्यावरून बघत होते. "काय गं, पास की नापास?"

"लोखंड आहे, काका. झडपा उघडणारा दांडा झिजतोय. इंजिन पूर्ण खोलावं लागेल."

"अगं, पण मी तर जपलं त्याला!"

काहीतरी गुळमुळीत बोलून निभावलं असतं. पण या इंजिनावर डॉक्टर आपल्या मुलांना घेऊन उडणार होते.

"इंधन जळताना आत पाणी तयार होतं. विमान उडालं की तेल नीट तापतं, पाणी निघून जातं. जमिनीवर दहा मिनिटांत तेवढं तापत नाही. पाणी आतच राहतं, गंज धरतो, आणि पुढच्या रविवारी तोच खरवडला जातो."

"म्हणजे हात लावला नसता तर..."

"कदाचित बरं राहिलं असतं."

ते स्टुलावर बसले. हातातल्या फडक्याची घडी घालत, मोडत राहिले.

"गंजाचं निमित्त होतं गं," शेवटी म्हणाले. "इंजिनाचा आवाज आला की वाटायचं, ती निघालीय धावपट्टीकडे." मग फडकं बाजूला ठेवून त्यांनी विचारलं, "आता आणखी दहा मिनिटांनी काय बिघडणार?"

मी नवा फिल्टर बसवला. दोघांनी ढकलून विमान बाहेर काढलं, चाकांना ठोकळे लावले. काका उजव्या खुर्चीत बसले, पट्टा बांधला आणि हात लांबवून किल्ली फिरवली. डावीकडची, चालकाची खुर्ची मोकळीच होती.

तिकडे तोंड करून ते काहीतरी बोलत होते. आवाजात मला ऐकू येत नव्हतं. दहा मिनिटं होऊन गेली, तरी मी थांबायची खूण केली नाही.