पार्वतम्माचं आवतण

पिठाच्या डब्याच्या झाकणावर ठेवलेला फोन घर्रर्र करत थरथरला आणि मोठ्या मिनतवारीने निजलेलं तान्हं झोळीत चुळबुळलं. दामिनीने एका हाताने झोका देत दुसऱ्याने फोन घेतला. फोन थोरल्या दिरांचा, सोमेश यांचा होता; ते नांदेडला कॉलेजात शिकवायचे.

"दामिनी, कधी झालं गं? मला आधी कळवायचं तरी."

"काय झालं, भाऊजी?"

"आई गेली ना. ग्रुपवर फोटो बघून राहिलो मी."

दामिनीने घरच्यांचा ग्रुप उघडला. गोल चौकटीत सासूबाई पार्वतम्मा, भोवती झेंडूची माळ, पुढं तेवती समई, खाली जोडलेले हात. त्याखाली बारा जणांनी श्रद्धांजली वाहून टाकलेली.

हा उद्योग दामिनीच्या सहा वर्षांच्या लेकीचा, शिवानीचा. येळवस, म्हणजे शेतात साजरी होणारी वेळा अमावास्या, चार दिवसांवर आली होती आणि दामिनी शिकवायची आणि शिवानी शिकायची त्या मुरुडच्या शाळेत उद्या पार्वतम्मा पोरांना सणाची ताकातली आंबील करून दाखवणार होत्या. "मला अक्षर येत न्हाई, शाळेत कशाला?" म्हणत आठवडाभर अडून बसलेल्या, कालच कुठं हो म्हणाल्या होत्या. आमंत्रणात चित्र हवं, आवाज हवा, अक्षरं हवीत, असं दामिनीनेच लेकीला शिकवलं होतं. लेकीने फोनमधली सगळ्यात देखणी चौकट आजीसाठी निवडली.

आता या कसल्या येतात शाळेत. भाऊजींना कसंबसं समजावून दामिनी धसकतच ओसरीवर आली. पार्वतम्मा तुरीच्या शेंगा सोलत फोनवर बोलत होत्या.

"हाव, मीच बोलून राहिले. मेल्यावर फोन उचलला असता का गं? ठेव आता." त्यांनी सुनेकडे पाहिलं. "उदगीरची तुझी नणंद. लई रडली. बरं वाटलं."

"आत्या," दामिनी सासूला म्हणाली, "पोरीला कळलं नाही. उद्या नाही आलात तरी..."

"का न्हाई? आवतण हाय की मला." त्यांनी फोटोखालचं बटण दाबलं. शिवानीचा आवाज आला, "आजी, उद्या शाळेत ये. आंबील जास्त आण. मला दोन वाट्या."

"मेलेल्या बाईला कुणी आंबील मागतंय व्हय?" पार्वतम्मांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं. "ताक मोठ्या पातेल्यात काढ. पोरं किती हायत?"

दामिनीने फोटो मोठा करून पाहिला. चौकटीखाली ठसठशीत अक्षरंही होती. आजी, शाळेत ये.

दारामागून शिवानी हळूच पुढं आली.

"मम्मी, काका तर कॉलेजात शिकवतात. आजीला कळलं, मग त्यांना का नाही कळलं?"