सूज उतरवणारा पलंग

रंगाच्या दुकानावरच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. सुजलेल्या पावलांचे, सुजलेल्या गुडघ्यांचे लोक सकाळपासून ताटकळत उभे होते. बसायला बंदी! "बसलात तर सूज हाडात मुरेल," असं सूज उतरवून देणाऱ्या दोरेबाबांचं फर्मान होतं. मग एकेकाला पलंगावर निजवायचं, मंत्र पुटपुटायचे आणि आधी दोऱ्याने घेतलेलं माप पुन्हा घ्यायचं. दोरा सैल! मग काय, जयजयकार.

मी सर्जन. पलंगावर कण्हत होता तो सलूनवाला माझा पेशंट. पुढची कातडी आवळून त्याला लघवीला त्रास व्हायचा, म्हणून मी त्याची सुंता केली होती. सूज येणार हेही बजावलं होतं. आराम करा, घट्ट चड्डीत भाग पोटाकडे वर धरून ठेवा, बर्फ कापडात गुंडाळून थोडा वेळच लावा. पठ्ठ्या लगेच कामावर गेला आणि दिवसभर गिऱ्हाइकांमागे उभा राहिला. सूज वाढल्यावर त्याची पाचावर धारण बसली, पण माझ्यासारख्या बाईमाणसाला सांगायचं कसं? म्हणून गाठले बाबा.

शेवटी त्याच्या बायकोचा फोन आला. "डॉक्टर, धावा! बाबांनी दोरा बांधलाय. तिथंच! लघवीही अडलीय!"

मी तशीच धावत हॉल गाठला.

दारात बाबा आडवे आले. "बाईची सावली पडता कामा नये!"

"टाके मीच घातलेत. सावली केव्हाच पडलीय. सरका!"

दोरा मांसात रुतला होता. पुढचा भाग काळानिळा आणि गार. मी हात घातला, तर सलूनवाल्यानेच माझं मनगट धरलं.

"नको, डॉक्टर! दोरा सोडला तर सूज काळजात चढेल, बाबा म्हणालेत. मी मरेन हो!"

"आणि नाही सोडला तर हा भाग सडेल," मी ओरडले.

बायकोने नवऱ्याच्या खिशातली बारीक कात्री काढून माझ्या हातात दिली आणि त्याचे दोन्ही हात दाबून धरले. मी दोरा कापला. रंग परतेना. माझा जीव टांगणीला लागला होता. मग हळूहळू निळेपणा ओसरला, ऊब आली, आणि मी भिंतीला टेकले.

मी फोन करून दवाखान्याची गाडी बोलावली. ती येण्याआधी मी पलंगाची चादर उचलली. पायथ्याच्या खुरांखाली विटा होत्या.

"हे आसन सिद्ध आहे!" बाबा गरजले.

"मग तुम्ही आता गप्प बसा. रांगेतल्या या सुजल्या पावलांच्या मावशींना मी निजवते."

सलूनवाल्याला बाकावर हलवून आम्ही मावशींच्या पावलांचं माप घेतलं. त्या निजल्या. मंत्र नाही, धूप नाही. गाडीचा भोंगा वाजला तेव्हा पुन्हा मापलं. दोरा सैल!

"उभं राहिलं की पाणी खाली साचतं, पाय वर केले की ओसरतं," मी म्हणाले. "सकाळपासून उभं करून बाबांनीच सूज वाढवली, आणि विटांनी उतरवली."

"म्हणजे घरच्या खाटेलाही विटा चालल्या असत्या?" मावशी चिडल्या.

"चालल्या असत्या. पण पाय का सुजतात, ते आधी तपासून घ्या."

दवाखान्यात सलूनवाला संडासातून ओरडला, "झाली! लघवी झाली!" अख्ख्या वॉर्डाने ऐकलं. त्याची बायको रडता रडता हसली.

गड्यांनो, भीती वाटणारच. पण लघवी अडली, भाग काळानिळा पडला, ताप आला किंवा रक्त थांबेना, तर थेट दवाखाना गाठा. लाज वाटत असेल तर डोळे मिटून सांगा, आम्ही ऐकतो. सुजलेल्या जागी दोरा मात्र कुणालाही बांधू देऊ नका.